धनेशरावांचा रहिवासी परवाना

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. उंबर होते, वड होते, पाणी होतं, सरकार होतं. फक्त बिया टाकणारं कोणी नव्हतं.

बिया टाकणं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. फळ खायचं, उडायचं आणि थोड्या वेळाने दुसरीकडे जाऊन मोकळं व्हायचं. हसू नका. जंगलं अशीच वाढतात. पण त्या जंगलातल्या, म्हणजे दाटवनातल्या, पक्ष्यांना हे काम कमीपणाचं वाटू लागलं होतं. पोपट भाषणं करायचे. मोर नाचाचे वर्ग घ्यायचे. सुतारपक्षी सल्लागार झाले होते. ते झाडावर ठकठक करून झाड पोकळ आहे एवढं सांगायचे आणि निघून जायचे. पाच वर्षं एकही नवं झाड उगवलं नाही, तेव्हा सरकार जागं झालं आणि त्याने टेकडीपलीकडच्या जंगलातून एक तज्ज्ञ मागवला.

त्या तज्ज्ञाचं नाव धनेशराव.

धनेश तुम्ही पाहिला नसेल. तुम्ही दिवसभर काय पाहता ते मला माहीत आहे, पण ते राहू द्या. घारीपेक्षा मोठा, काळा-पांढरा पक्षी. भली थोरली पिवळी चोच, आणि त्या चोचीवर आणखी एक चोच उपडी ठेवली असावी तसं शिंग. उडायला लागला की पंखांचा आवाज दोन शेतं ओलांडून ऐकू येतो. फळं खाण्यात आणि बिया टाकण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही.

धनेशराव आले ते बायकोला घेऊन. सगुणाबाई तिचं नाव. सरकारने दोघांचं स्वागत केलं, एका हंगामाचा कामाचा परवाना दिला आणि कामाला लावलं. धनेशरावांनी जीव तोडून काम केलं. सकाळी उंबर, दुपारी वड, संध्याकाळी पुन्हा उंबर. जिथे कुसळसुद्धा उगवत नव्हतं त्या माळावर वीतभर उंचीची रोपं डोलायला लागली. सरकार खूश झालं. "असेच राहा," म्हणालं.

तिथेच सगळा घोटाळा झाला. कारण दाटवनात राहायचं असेल तर नुसतं राहून चालत नसे. त्याला रहिवासी परवाना लागे. कामाच्या परवान्याला दोन अमावास्या उरल्या होत्या. दुसऱ्या अमावास्येच्या आत रहिवासी परवाना हातात नसेल, तर कुटुंबासकट जंगल सोडायचं.

"त्यात काय," धनेशराव म्हणाले. "एक अर्ज तर करायचा."

परदेशी राहणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य एकदा तरी म्हटलेलं असतं.

आता धनेशांच्या घराण्यातली एक रीत सांगतो, नीट ऐका. अंडं घालायची वेळ आली की धनेशाची बायको झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार चिखलाने लिंपून घेते. बोटभर रुंदीची एक फट तेवढी ठेवते. आत तिचे पंख झडतात, नवे येतात, अंडं फुटतं, पिल्लू बाळसं धरतं, आणि तोवर ती बाहेर येत नाही. तीन-साडेतीन महिने नवऱ्याने त्या फटीतून उंबरं भरवायची. ही रीत कोणी सुरू केली हे ठाऊक नाही. बायकांनीच केली असणार.

सगुणाबाईंनी एका जुन्या बेहड्याची ढोली पसंत केली होती आणि आठवड्यापूर्वीच दार लिंपून घेतलं होतं. आत एक अंडं होतं. लग्नानंतर सहा वर्षांनी पहिलंच अंडं. परवाना मिळाला नाही, तर धनेशराव काय, पंख पसरून टेकडीपलीकडे जातील. पण पंख झडलेली सगुणा आणि तिच्या पोटाखालचं अंडं कसं जाणार? धनेशराव चेहऱ्यावर काही न दाखवता कचेरीकडे निघाले.

कचेरीचं नाव आगंतुक कचेरी. ती ओढ्यापलीकडे, जंगलाच्या हद्दीबाहेर एका खडकावर होती. कारण सरळ आहे. परवाना नसलेल्या परक्याला जंगलात पाऊल ठेवायची मनाई. मग त्याने परवाना मागायला आत यायचं कसं? म्हणून कचेरीच बाहेर ठेवली. सरकारने डोकं चालवलं होतं.

कचेरीत बगळेसाहेब असायचे. ते बहुतेक वेळ एका पायावर, डोळे मिटून उभे असत. दोन्ही पाय खाली आले की कामकाज सुरू झालं असं समजायचं. मासा दिसला की कामकाज थांबलं असं समजायचं. त्यांच्या हाताखाली साळोजी नावाचा साळिंदर शिपाई होता. सगळे अर्ज त्याच्या पाठीवरच्या काट्यांना टोचून ठेवलेले असत. म्हणजे कचेरीचं दफ्तर तोच. तो लोळला की फायली गहाळ होत.

धनेशराव रांगेत उभे राहिले. पुढे एक माकड होतं, एक रोहित पक्षी होता आणि दोन बदकं होती, जी दर वर्षी येत आणि दर वर्षी पहिल्यांदाच आल्यासारखी रांगेत उभी राहत. दुपारी साहेबांचे दोन्ही पाय खाली आले.

"अर्ज?" साहेब म्हणाले.

धनेशरावांनी सागाचं पान पुढे केलं. त्यावर चोचीने सगळं नीट कोरलेलं होतं.

"पान हिरवं आहे. छान. वाळलेला अर्ज आम्ही घेत नाही. छाननी नवव्या दिवशी."

"पण साहेब, हे पान चौथ्या दिवशी वाळेल."

"मग चौथ्या दिवशी नवं आणा."

"म्हणजे छाननी त्यानंतर पाचव्या दिवशी ना?"

"नव्या अर्जाची छाननी नवव्या दिवशी," साहेब म्हणाले आणि त्यांनी एक पाय वर घेतला.

धनेशराव तिथेच उभे राहिले. हिशोब काही केल्या जुळेना. तेव्हा साळोजीने त्यांना बाजूला घेतलं.

"अहो धनेशराव, पहिल्यांदाच आलाय वाटतं? इतकं मनाला लावून घेऊ नका. इथे तारीख काट्याची धरतात, पानाची नाही. तुमचा हा सतरावा काटा. तुम्ही रोज यायचं. कालचं पान काढायचं, आजचं त्याच काट्यावर टोचायचं. अर्ज जुना, पान ताजं. जमलं?"

"रोज?"

"रोज. आणि येताना मला एखादं उंबर आणलंत तर बरं पडेल. माझी पाठ आहे हो ती, दुखते."

धनेशरावांना साळोजीचा फार आधार वाटला. परक्या मुलखात अशी माहिती देणारा एक जरी भेटला तरी जीव भांड्यात पडतो. त्या दिवसापासून त्यांचा क्रम ठरला. पहाटे सगुणेला भरवायचं. मग सागाचं पान तोडायचं, सगळा अर्ज पुन्हा कोरायचा, ओढा ओलांडायचा, रांगेत उभं राहायचं, पान टोचायचं, परत यायचं, सगुणेला भरवायचं. बिया टाकायला वेळच उरेना. म्हणजे टाकायचे ते, पण रांगेत. तिथे आता उंबराची चांगली राई झाली आहे.

नवव्या दिवशी छाननी झाली.

"अर्जदार, एक. पत्नी, एक," साहेबांनी वाचलं. "पत्नीचा ठावठिकाणा: भिंतीआड." त्यांनी मान वर केली. "पत्नीला भिंतीत चिणलंय तुम्ही?"

"नाही साहेब! तिनेच चिणून घेतलंय."

"कशाला?"

"आमच्याकडे तशी पद्धत आहे."

"कठीण आहे तुमच्याकडे," साहेब म्हणाले. "असो. पत्नीचं चित्र लागेल. चेहरा समोरून. हसू नये. दोन्ही कान दिसले पाहिजेत."

"साहेब, पक्ष्यांचे कान दिसत नाहीत."

"नियम सशाच्या वेळचा आहे," साहेब म्हणाले. "आम्ही बदलू शकत नाही."

चित्र काढायला साळोजी स्वतः आला, तीन उंबरांच्या बोलीवर. त्याने स्वतःच्याच पाठीचा एक काटा उपटला, आई गं म्हणाला आणि बेहड्याखाली बसला. सगुणाबाईंनी फटीतून चोचीचं टोक बाहेर काढलं. तेवढंच बाहेर येत होतं. साळोजीने ते टोक मन लावून काढलं आणि दोन्ही बाजूंना नियमाप्रमाणे सशाचे दोन कान काढले.

आणखी नऊ दिवसांनी साहेबांनी ते चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"हा मुळा आहे," ते म्हणाले.

"माझी बायको आहे साहेब."

"मुळ्याला आम्ही परवाना देत नाही. पत्नीला प्रत्यक्ष हजर करा. अमावास्येच्या आत. नाही आली तर तिघांनी, म्हणजे दोघं आणि ते एक अंडं, जंगल सोडायचं."

धनेशराव त्या दिवशी घरी आले ते अंग ओढत. बेहड्याच्या फांदीवर बसून बराच वेळ नुसतेच उंबर चोचीत धरून राहिले.

"अहो," आतून आवाज आला. "खायला आणलंय की दाखवायला?"

धनेशरावांनी उंबर फटीतून आत दिलं. मग आणखी एक दिलं. मग घसा साफ केला.

"सगुणे, एक विचारू? म्हणजे रागावणार नसशील तर?"

"रागावणार. विचारा."

"भिंत थोडी... म्हणजे अर्ध्या तासापुरती... फोडता आली तर? मी तुला पाठीवर घेऊन जाईन. साहेबांनी एकदा बघितलं की लगेच परत. चिखल मी आणून देतो."

पुढे काय होणार हे विवाहित श्रोत्यांना कळलं असेल.

"तुम्हाला डोकं आहे का हो?" सगुणाबाई कडाडल्या. "माझ्या अंगावर एक धड पीस नाही. अंड्याला कान लावला की आतून टकटक ऐकू येतंय. आणि मी त्या बगळ्याला तोंड दाखवायला जाऊ? हे अंडं गार पडलं तर तुमचा साहेब येऊन बसणार आहे का त्याच्यावर?"

"अगं पण परवाना..."

"कसला परवाना?"

"राहण्याचा."

"मग मी काय करतेय इथे? राहतेच आहे ना? ह्याहून जास्त कसं राहायचं असतं हो? सांगा त्याला, बायको येत नाही म्हणावं. तुला बघायची असेल तर तूच ये."

धनेशरावांना रडू आलं. सगुणा बरोबर होती. साहेबही नियमाने बरोबर होते. दोघांच्या मधोमध ते एकटेच चुकीचे उभे होते, असं त्यांना वाटलं. पण आतल्या टकटकीचं ऐकल्यावर त्यांनी ठरवलं की काही झालं तरी भिंतीला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांपुढे निरोप ठेवला. अर्थात आहे तसा नाही. "पत्नीची प्रकृती नाजूक आहे, तेव्हा साहेबांनीच गरिबाघरी पायधूळ झाडावी," असं ते म्हणाले.

"गृहतपासणी?" साहेबांनी डोळे मिटले. "तशी तरतूद आहे. पण चाळीस वर्षं मी तपासणीला जातोय धनेशराव, आणि चाळीस वर्षांत एकदाही अर्जदार घरी सापडलेला नाही. ढोलीत जावं, ढोली रिकामी. बिळात जावं, बीळ रिकामं. ज्यांचे इथे राहायचंय म्हणून अर्ज येतात, ते कधी घरी राहतच नाहीत. मला कळत नाही, ही मंडळी दिवसभर जातात कुठे?"

मागे रांगेत उभ्या असलेल्या सत्तावीस अर्जदारांनी माना खाली घातल्या.

अमावास्येच्या आदल्या दिवशी बगळेसाहेब ओढा ओलांडून आले. मागून साळोजी पाठीवरचे अर्ज सांभाळत आला. साहेब बेहड्याच्या खालच्या फांदीवर एका पायावर उभे राहिले, मग काम गंभीर आहे हे आठवून त्यांनी दुसराही पाय टेकला.

"घरात कोण आहे?"

"मी आहे," फटीतून आवाज आला.

साहेब दचकले. घरात कोणीतरी असण्याची त्यांना सवय नव्हती.

"आपण... घरी असता?"

"मग कुठे जाऊ?"

"या हंगामात जंगल सोडून किती वेळा बाहेर गेलात?"

"एकदाही नाही."

"हे झाड सोडून?"

"नाही."

"ही ढोली सोडून?"

"आता शेपटीकडची बाजू बदलली तेवढीच. परवा."

साहेबांनी साळोजीकडे पाहिलं. साळोजीने साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"बाई," ते म्हणाले, "मी रहिवासी या शब्दावर चाळीस वर्षं काम केलं. पण रहिवासी आज बघितला. स्वतः या जंगलात जन्मलेले सुद्धा इतकं राहत नाहीत." आणि त्यांनी तिथल्या तिथे पळसाच्या पानावर कायमचा परवाना कोरून फटीतून आत सरकवला. चित्राचं कोणी नाव काढलं नाही.

धनेशरावांनी आनंदाने फांदीवर उडी मारली. "आणि माझा, साहेब?"

"तुमचा बघू. साळोजी, सतरावा काटा."

साळोजीने पाठ पुढे केली. साहेबांनी काट्यावरच्या पानं टोचल्याच्या खुणा मोजल्या.

"रोज नवं पान. म्हणजे रोज कचेरीत हजर. एकूण एकोणचाळीस दिवस." साहेबांचा आवाज थंड झाला. "धनेशराव, कचेरी कुठे आहे?"

"ओढ्यापलीकडे."

"म्हणजे जंगलाच्या?"

"बाहेर," धनेशराव म्हणाले.

"हंगामात बारा दिवसांहून जास्त जो जंगलाबाहेर राहतो तो रहिवासी नाही. तुम्ही एकोणचाळीस वेळा जंगल सोडून गेलात. इतकी भटकंती करणाऱ्याला इथे राहण्याची खरी ओढ आहे, असं मी कशावरून मानू?"

"पण साहेब, मी तुमच्याकडेच येत होतो!"

"सगळे तेच सांगतात," साहेब म्हणाले. "उद्या अमावास्या आहे. सूर्य मावळायच्या आत निघा."

"अहो, हे गेले तर मला खायला कोण घालणार?" सगुणाबाई आतून ओरडल्या. "कायमचा परवाना घेऊन मी उपाशी मरू का?"

"तो विषय दुसऱ्या कचेरीकडे आहे," साहेब म्हणाले.

धनेशरावांनी फटीला चोच लावली. आतून सगुणेनेही लावली. एवढ्यात, मुलांनो, आतून एक बारीक, कर्कश, अतिशय हावरा आवाज आला. अंडं फुटलं होतं.

साहेबांनी कान टवकारले, म्हणजे टवकारल्यासारखं केलं. "हे कोण?"

"पिल्लू आहे आमचं!" धनेशराव म्हणाले. ते सगळं विसरून हसत होते आणि रडत होते. "आत्ता झालं! आत्ता!"

"कुठे झालं?"

"इथे! या ढोलीत!"

"म्हणजे दाटवनात जन्म," साहेब म्हणाले आणि ताठ उभे राहिले. "जन्मजात रहिवासी. अभिनंदन. मग धनेशराव, तुमचं काम होण्यासारखं आहे. स्थानिक रहिवाशाचा आश्रित म्हणून तुम्ही राहू शकता. मात्र आश्रयदात्याला पक्की आवक पाहिजे. साळोजी, लिही. या पिल्लाला खायला काय मिळणार?"

"रोज चौदा उंबरं," धनेशराव म्हणाले. "मी आणून देईन ना. कमी नाही पडू देणार."

"चौदा! रोज! घरपोच!" साहेब चाट पडले. "इतकी पक्की आवक तर मलाही नाही. आणि तुमची स्वतःची?"

"मी आणतो ते सगळं आत देतो."

"म्हणजे शून्य. बरोबर. तुम्ही पूर्णपणे मुलावर अवलंबून आहात." साहेबांनी फटीशी वाकून मोठ्याने विचारलं, "काय हो, या गृहस्थांना ठेवून घ्यायला तुमची काही हरकत?"

पिल्लाने आ वासला.

"हरकत नाही," साळोजीने लिहून घेतलं.

असा धनेशरावांना परवाना मिळाला. त्यावर लिहिलं होतं: नाव, धनेश. व्यवसाय, काही नाही. आश्रयदाता, चिरंजीव, वय पाव तास. आणि खाली बारीक अक्षरात: हा परवाना आश्रयदाता उडून स्वतंत्र होईपर्यंतच ग्राह्य.

ती खालची ओळ त्या दिवशी कोणी वाचली नाही. आनंदाच्या दिवशी बारीक अक्षरं कोण वाचतं?

पुढे सगुणाबाईंनी भिंत फोडली. मायलेक बाहेर आले. पिल्लू गलेलठ्ठ झालं होतं. त्याला छान पिसं आली, चोच आली, चोचीवर शिंग यायला लागलं. बरोबरीची पोपटाची पोरं केव्हाच उडून गेली होती. ते फांदीच्या टोकाला बसायचं आणि पंख उघडून बघायचं.

"बाबा, आज उडू?"

"आज नको बाळा. आज वारं फार आहे."

"बाबा, आज वारं नाही."

"मग कशावर उडशील?"

सगुणाबाई हे ऐकायच्या आणि तोंड फिरवायच्या. त्यांना सगळं कळत होतं. पण बोलणार काय? धनेशरावांना फार वाईट वाटायचं. खरंच वाटायचं, बाप होते ते. उडणं हीच एक गोष्ट त्यांना पोराला शिकवण्यासारखी येत होती. मग ते म्हणायचे, "थांब हं, तुला उंबरं आणतो," आणि पंखांचा मोठा आवाज करत निघून जायचे. आणि पिल्लू फांदीवर बसून, ते दिसेनासे होईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहायचं.

तात्पर्य: मुलांनो, परक्या जंगलात गेलात तर मन लावून काम करावं, खरं तेच लिहावं आणि न चुकता रोज रांगेत उभं राहावं. म्हणजे घरी बसलेल्या माणसाला परवाना मिळतो.